इंग्रजीत माग, मग उघडतो

कोळसा आणायचा म्हणजे काय मोठं काम? घमेलं घ्यायचं, वर्गाच्या मागच्या भिंतीतलं बुटकं दार उघडायचं, वाकून चार फावडी भरायची आणि शेगडी पेटवायची. ब्रिनहेलीच्या शाळेत मार्गेड रोलंड्स हे काम तीन वर्षं करत होती. ती एकोणीस वर्षांची होती. त्याच शाळेत शिकून तिथेच पारी सरांच्या हाताखाली मदतनीस बाई झाली होती, आणि भित्री तर मुळीच नव्हती. तरी त्या डिसेंबरात ती रोज सकाळी दाराला विटेचा टेकू लावायची, आत पाऊल न टाकता लांब दांड्याच्या फावड्याने हाताला येईल तेवढा कोळसा ओढायची, आणि ओढता ओढता मोठ्याने इंग्रजी पाढे म्हणायची. आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून.

पण आतूनही तेच पाढे ऐकू यायचे. सात साते एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न. मार्गेड चुकली तर आतला आवाज चुकायचा नाही.

हा आवाज कुणाचा, हे मार्गेडला ठाऊक होतं. सगळ्या वेल्स देशात याहून लाजिरवाणी गोष्ट कुणाला ठाऊक नसेल.

पारी सर काही लंडनहून आलेले नव्हते. पलीकडच्याच खोऱ्यातल्या मेंढपाळाचा मुलगा. त्यांची आई मरेपर्यंत वेल्शखेरीज एक शब्द बोलली नाही. परका माणूस परक्यासारखा वागला तर त्याला निदान परका म्हणता येतं. घरच्याच माणसाने घराला काडी लावली तर बोंब कुणाच्या नावाने मारायची? सरांनी आल्या आल्या सुताराकडून एक जाड लाकडी पट्टी करून घेतली आणि तिला दोरी ओवली. शाळेत जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ती पडायची. ओढाळ गुराच्या गळ्यात बांधतात तसली ती वस्तू, म्हणून मुलं तिला लोढणंच म्हणायची. दुसऱ्याला वेल्श बोलताना पकडून त्याची चुगली केली की लोढणं त्याच्या गळ्यात. चार वाजता शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या हातावर छड्या. भावाने भावावर पाळत ठेवावी, मैत्रिणीने मैत्रिणीला विकावं, आणि या सगळ्याला म्हणायचं शिक्षण!

लेउकी बेब नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने लोढणं कधी पुढे दिलं नाही. एकदा गळ्यात पडलं की ती ते दिवसभर घालून बसायची आणि चार वाजता मुकाट हात पुढे करायची. सरांना वाटलं, ही मुजोरी आहे. मागच्या फेब्रुवारीत त्यांनी तिला कोळशाच्या कोठडीत घातलं. ती आधीच दोन दिवस खोकत होती.

"इंग्रजीत माग, मग उघडतो," सर दाराशी तोंड नेऊन म्हणाले.

आता गंमत बघा. लेउकीला 'मांजर चटईवर बसले' हे इंग्रजीत येत होतं. राणीचं नाव येत होतं, समुद्रांची नावं येत होती. 'दार उघडा' हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती वेल्शमध्ये मागत राहिली. आधी सरांना हाका मारल्या, मग मुलांना, मग, "मार्गेडताई, उघडा ना. गार लागतंय."

दाराला कुलूप नव्हतं. बाहेरून साधी कडी होती. चाळीस मुलं आणि एक मार्गेड, कुणीही उठून चार पावलं चालून ती काढू शकलं असतं. कुणी उठलं नाही. मार्गेड त्या वेळी फळ्यावर बेरजा लिहीत होती, आणि तिने सगळ्या बेरजा बरोबर लिहिल्या. चारच्या आधीच केव्हातरी आवाज बंद पडला होता. सर म्हणाले, रुसून बसली असेल.

डॉक्टरने मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, छाती मुळातच नाजूक होती. पाद्री म्हणाले, देवाची इच्छा. लेउकीची आई कातरिन विधवा बाई, तिने कुणाला काही विचारलं नाही आणि कुणी तिला काही सांगितलं नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणून गावाने तो उगाळायचं सोडून दिलं. आणि कोठडी? कोठडी तशीच ठेवली. कोळसा कुठेतरी ठेवायला हवाच ना!

पानगळीच्या सुमारास आतून आवाज यायला लागला. आधी नुसती बाराखडी, एबीसीडी, अडखळत. मग पाढे. मग वर्गात जे वाक्य शिकवलं जाईल ते दुसऱ्या दिवशी आतून, लाकडाला तोंड लावून कुणी म्हणावं तसं. मुलांनाही ते ऐकू यायचं. मागच्या बाकावरची मुलं माना खाली घालून सरकत सरकत पुढे आली होती. पण सांगणार कुणाला आणि कसं? वेल्शमध्ये सांगितलं की लोढणं, आणि भुताला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"घुशी झाल्यात," सर म्हणायचे.

घुशी. पाढे म्हणणाऱ्या.

त्याच डिसेंबरात मार्गेडची धाकटी बहीण शाळेत आली. नेस्त तिचं नाव, सहा वर्षांची, नाक कायम वाहतं आणि तोंड कायम चालू. मार्गेडने आईला किती सांगून पाहिलं, वर्षभर थांब. आई म्हणाली, "तू आहेस ना तिथं? मग कशाला काळजी?" यावर मार्गेड काय बोलणार? मी तिथे होते तेव्हा काय झालं, हे सांगायला तोंड हवं.

नेस्तने तीन दिवस कळ काढली. चौथ्या दिवशी, गुरुवारी, भर वर्गात ती ओरडली, "ताई, नाक पूस ना!"

सरांनी शांतपणे लोढणं आणून तिच्या गळ्यात घातलं. नेस्तने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आनंदाने म्हणाली, "ताई, बघ, मला माळ दिली!"

एक मूल हसलं. सर हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात शाळा तपासायला साहेब येणार होते. त्यांनी नेस्तचा दंड धरला, तिला मागे नेलं, बुटकं दार उघडून आत लोटलं आणि कडी घातली.

"इंग्रजीत माग, मग उघडतो."

मार्गेडच्या हातातला खडू मोडला. पुन्हा असं झालं तर बसून राहायचं नाही, हे तिने मागच्या फेब्रुवारीपासून रोज स्वतःला बजावलं होतं. ती उठली. सरांसमोर जाऊन उभी राहिली. आणि तिथे तिने चूक केली. सरांशी बोलायचं म्हणजे इंग्रजीत बोलायचं, आणि इंग्रजीत बोलायचं म्हणजे चुकता कामा नये. 'सर, माझी विनंती आहे' असं म्हणावं की 'मी विनंती करू इच्छिते'? क्रियापद आधी की नंतर? मागे तिची बहीण दारावर थापा मारत "ताई, ताई" म्हणत होती, आणि ही शहाणी मनात वाक्य जुळवत उभी होती! चार पावलांवर कडी होती हो.

तेवढ्यात थापा थांबल्या.

"कृपा करून दार उघडावे, सर," आतून आवाज आला. "मी अत्यंत आभारी होईन."

स्वच्छ इंग्रजी. एकही उच्चार चुकलेला नाही. शब्द ओढण्याची तऱ्हा अगदी पारी सरांची. बाकांवरची मुलं एकमेकांना चिकटली. सरांचा चेहरा मात्र उजळला.

"बघितलंस? भाषा मारून येत नाही म्हणतात. येते. चांगली येते," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने कडी काढली.

नेस्त बाहेर आली. तिने झगा झटकला, नाक बाहीने न पुसता रुमालाने पुसलं, आणि सरांना वाकून म्हणाली, "आभारी आहे, सर." मग मार्गेडकडे वळून, "आभारी आहे, बाई."

बाई.

त्या दिवशी तिने सगळे पाढे म्हटले. शाळा सुटल्यावर मार्गेडने तिचा हात धरला. हात गार होता. ओढ्याजवळ वाट फुटते, उजवीकडे रोलंड्सांचं घर आणि डावीकडे टेकडीवर कातरिन बेबचं. नेस्त न विचारता डावीकडे वळली. मार्गेडने तिला ओढून घरी नेलं.

आईने लीकची कांद्यासारखी पात घातलेला मटणाचा रस्सा समोर ठेवला. "खा गं माझी चिमणी. काय काय शिकलीस?"

नेस्तने रश्श्याला हात लावला नाही. आईने पुन्हा विचारलं, गालाला हात लावला. नेस्त दाराकडे बघत इंग्रजीत म्हणाली, "क्षमा करा. आपण काय म्हणता ते मला समजत नाही."

आईला त्यातला शब्दही कळला नाही, पण तिचा हात गालावरून आपोआप खाली आला.

"मार्गेड, हिला काय केलंत गं तुम्ही शाळेत?" ती हळूच म्हणाली. "माझी पोर माझ्याशी का बोलत नाही?"

मार्गेड रात्रभर त्या प्रश्नापाशी बसून राहिली. तिला सगळं कळलं होतं. नियम सरांचा होता आणि साधा होता, जी इंग्रजीत मागेल ती बाहेर. मागितलं लेउकीने, म्हणून बाहेर आली लेउकी. मग नेस्त कुठे आहे?

उत्तर दुसऱ्या दिवशी चार वाजता मिळालं. डिसेंबरातले चार म्हणजे खिडक्या राखाडी आणि कोपरे काळे. मुलं गेली होती. सरांनी नेस्तला मागे ठेवून घेतलं होतं, साहेबांपुढे तिच्याकडून कविता म्हणवून घ्यायची म्हणून, आणि ते स्वतः शेजारच्या आपल्या घरात चहाला गेले होते. नेस्त पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. मार्गेड विझत्या शेगडीपाशी उभी होती. ओल्या कोळशाचा वास येत होता.

"ताई..."

मागच्या भिंतीतून.

"ताई, इथे अंधार आहे... नाकात कोळसा जातोय... ताई, उघड ना."

मार्गेड धावली. कडी काढली, दार उघडलं. आत कोळशाचा ढीग आणि आवाज बंद. तिने दोन्ही हातांनी ढीग उपसला, मागची भिंत चाचपली. काही नाही. दार लावलं.

"ताई, उघडलंस का? मला दिसलं नाही."

मार्गेड त्या दारापाशी जमिनीवर बसली आणि रडली. दुःख तर होतंच, पण त्याहून संताप होता.  एवढंसं पोर स्वतःच्या गावात, स्वतःच्या बहिणीला, स्वतःच्या भाषेत हाक मारतंय आणि दार ते ऐकत नाही! दारालासुद्धा सरांनी शिकवून ठेवलं होतं. मग तिने डोळे पुसले आणि जगात ज्या गोष्टीची तिला सर्वांत जास्त चीड होती ती करायला घेतली.

"नेस्त, माझ्या मागून म्हण. कृ-पा-क-रू-न."

"कुपा... कलून."

"कृपा करून दार—"

"बाई, तिला शिकवू नका."

नेस्तचं शरीर तिच्या मागे उभं होतं. चेहरा नेस्तचा, उभं राहणं लेउकीचं.

"लेउकी," मार्गेड वेल्शमध्ये म्हणाली, "तुला कळतंय मी काय बोलते ते. कळतं ना?"

मुलीने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग ओठ जेमतेम हलवत वेल्शमध्येच कुजबुजली. "कळतं... पण बोलले तर परत आत घालतील."

"म्हणूनच काल माझ्या आईशीही बोलली नाहीस?"

"हो." तिने झग्याची कड मुठीत धरली. "मार्गेडताई, ती बाहेर आली तर मी कुठे जाऊ? तिथं रिकामं चालत नाही. कुणीतरी लागतंच. मी खूप महिने शिकले, ताई... खूप शिकले."

 एकीसाठी मार्गेड वेळेवर उठली नव्हती आणि दुसरीसाठी उठून वाक्य जुळवत बसली होती. आता तिनेच निवडायचं, कोणतं पोर अंधारात ठेवायचं ते? हा हिशेब तिचा नव्हताच मुळी! दुसऱ्याने केलेलं पाप या दोन पोरींनी आणि तिने वाटून का घ्यावं?

"कोणती भाषा ऐकतोय मी?"

पारी सर दारात उभे होते, एका हातात कंदील, मिशीला चहा. त्यांनी खिळ्यावरचं लोढणं काढलं आणि मुलीच्या गळ्यात टाकलं. "साहेब यायला चार दिवस आणि पुन्हा तीच मेंढरांची बडबड! कालचा धडा पुरला नाही वाटतं?"

"नको, सर," मुलगी इंग्रजीत म्हणाली. "कृपा करून, सर. कृपा करून, कृपा करून..." इतकं चांगलं इंग्रजी बोलत होती ती. त्याचा काय उपयोग झाला? त्याने तिचा कान धरला. आता त्याला 'सर' म्हणवत नाही. कंदील खाली ठेवून त्याने बुटकं दार उघडलं आणि तिला आत ढकलण्यासाठी तो स्वतः वाकला.

या वेळी मार्गेडने कोणतंही वाक्य जुळवलं नाही. तिने मुलीला एका हाताने मागे ओढलं, दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर ठेवले आणि सगळी ताकद लावून त्याला आत लोटलं. दार लावलं. कडी घातली.

आधी त्याने शिव्या दिल्या, इंग्रजीत. मग धमकी दिली. मग आवाज खाली आणून, नियमात चोख बसेल असं म्हणाला, "मार्गेड, कृपा करून दार उघडावे."

त्याच्याच न्यायाने उघडायला हवं होतं. मार्गेड दाराशी तोंड नेऊन वेल्शमध्ये, सगळ्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मला समजत नाही!"

तो पुन्हा म्हणू लागला. 'कृपा करून'पर्यंत आला आणि मधेच थांबला, पुढचा शब्द आठवेनासा झाल्यासारखा. मग काहीच ऐकू आलं नाही.

अंगणातलं फाटक करकरलं. वारा नव्हता. उघडून पुन्हा आपोआप मिटलं, आणि टेकडीच्या वाटेने कुणी लहान पावलांनी पळत गेलं, असं वाटलं. मार्गेडने वळून पाहिलं. मुलगी तिथेच उभी होती, झग्याच्या बाहीने नाक पुसत.

"ताई, भूक लागली," नेस्त म्हणाली. "आणि हे लोढणं काढ ना, टोचतंय."

मार्गेडने मग कडी काढली. काढली, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आत कोळसा होता. माणूस नव्हता.

शिपाई आले, ओढा धुंडाळला, खाणीतलं तळं गळ टाकून तपासलं. मार्गेडने सांगितलं, सर कोळसा बघायला गेले. ते खोटंही नव्हतं. गावाने एका पोरीसाठी जेवढे प्रश्न विचारले होते तेवढेच या माणसासाठी विचारले, म्हणजे फारसे नाहीत. टेकडीवर कातरिन बेबच्या घरी मात्र त्या दिवसापासून संध्याकाळी दोन वाडगे मांडलेले दिसू लागले. ती कुणाला आत बोलवेना, पण शेजारणी सांगायच्या, बाई कामं करता करता बोलत असते आणि मधेमधे उत्तर येण्यापुरती थांबते.

कोठडीजवळ बसायला कुठलंच मूल तयार नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात शाळेच्या मंडळींनी ते दार कायमचं चिणून टाकायचं ठरवलं. गावातला गवंडी त्या कामाला हात लावेना. तेव्हा सीमेपलीकडच्या श्रूजबरीहून दोन इंग्रज गवंडी आणले. दुपारी मार्गेड त्यांना ताक घेऊन गेली, तर भिंत जवळजवळ पुरी झाली होती आणि थोरला गवंडी हातात वीट धरून खोळंबला होता.

"बाई, आत एखादं पोर राहिलंय का?" त्याने विचारलं. "सकाळपासून रडतंय. तुमची भाषा आम्हाला येत नाही, पण आईला हाक मारतंय एवढं कळतं."

मार्गेडने उरलेल्या भोकाला कान लावला. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा आवाज होता. वेल्श चांगली होती, हेल पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळांचा. "आई," तो म्हणत होता, "आई गं, दार उघड. मी कुणाला सांगणार नाही."

तिने वर्गात जाऊन मुलं मोजली. चाळीसच्या चाळीस जागेवर होती, नेस्त दुसऱ्या बाकावर शेजारणीच्या वेण्या ओढत होती. ती परत आली. चुना अजून ओला होता.

"आमच्यातलं नाही ते," ती म्हणाली.

"मग वीट लावू?"

आतून पुन्हा हाक आली. मार्गेडने ती पूर्ण ऐकून घेतली.

"लावा," ती म्हणाली.